बालवर्गाचे कुमार-शिक्षक
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या आखाड्यात सायंकाळी मल्लखांब शिकावयास मुलांची गर्दी होते. शिक्षक मात्र एकच. म्हणून चौदा ते अठरा वर्षांच्या कुमारांनी व कुमारिकांनी लहानांस शिकवावे, अशी योजना आम्ही आखली. तीत आमचे काय चुकले, हे आज आपणांपुढे मोकळेपणाने ठेवावयाचे आहे.

ही रीत नवी नव्हे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास नवे जीवन दिले. ती विद्या पोथीपेक्षा गुरूच्या हातून शिष्याच्या हाती अशीच पुढे आली. १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ व १९२५ साली दादरला समर्थ व्यायाम मंदिर स्थापन झाले. अशा संस्थांनी ती जोपासली म्हणूनच २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा भरू शकली.

पहिल्या वर्षी बोंडावर जो सर्वांत सफाईने तोल सांभाळी, त्यालाच आम्ही शिक्षक नेमले. वय अवघे पंधरा. एका सायंकाळी वडीलधारे कोणी हजर नसता एका आठ वर्षांच्या मुलीची पकड सुटली व पडून तिचे मनगट मोडले. मुलगी यथावकाश बरी झाली. पण तो मुलगा आखाड्याकडे फिरकेना. आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "पडणाऱ्याला धरायचे कसे, हे मला कोणी शिकवलेच नव्हते."

त्या शब्दांनी आमचे डोळे उघडले. स्वतः करता येणे निराळे आणि दुसऱ्याकडून करवून घेणे निराळे. दोष त्या मुलाचा नव्हता. भार त्याच्यावर टाकून निर्धास्त राहणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांचा होता.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. निवड करताना कौशल्याआधी स्वभाव पाहतो. रडणाऱ्या मुलाजवळ जो आपण होऊन जाऊन बसतो, तो आमचा शिक्षक. पहिला महिना त्याने केवळ मुख्य शिक्षकांच्या शेजारी उभे राहून आधार कसा द्यावा, गादी कोठे घालावी, हे शिकावयाचे. पुढे त्याच्याकडे पाचच मुले. सलामी, साधी उडी, अढी येथवर त्याने शिकवावे. नवा प्रकार मुख्य शिक्षकांच्या अनुमतीवाचून नाही. आखाड्यात दोन प्रौढ माणसे असल्याखेरीज वर्ग भरत नाही. मुलींच्या वर्गास भगिनी-कार्यकर्तीची उपस्थिती आवश्यक. शालान्त परीक्षेच्या दिवसांत कुमार-शिक्षकांस सुट्टी. दर शनिवारी त्यांना जवळ बसवून, 'या आठवड्यात कशाची भीती वाटली?' असे आम्ही विचारतो. या प्रश्नाने जितके अपघात टळले, तितके दटावणीने टळले नसते.

पालकांस आमची विनंती अशी : "अभ्यास बुडेल" या धास्तीने मुलांस अडवू नका. आठवड्यातून दोन सायंकाळी पुरेत. धाकट्यांची जबाबदारी घेतलेले मूल घरातही निराळे वागू लागते, हे अनेक मातांनी आम्हांस आपण होऊन सांगितले आहे. तसेच वडीलधाऱ्यांनी पाळीपाळीने आखाड्यात येऊन बसावे. वर्गणीइतकेच तेही मंडळाचे कार्य आहे.

तो मुलगा वर्षाने परत आला. आज तो नव्या कुमार-शिक्षकांना पहिला धडा देतो, तो खांबावर चढण्याचा नव्हे, पडणाऱ्यास सावरण्याचा. मंडळाचेही कार्य याहून वेगळे नाही.

इच्छुकांनी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत, एवढे विनवून आपली रजा घेतो.