विंझरच्या दहावीतली आवर्तसारणी

राजगड-तोरण्याच्या वाटेवरच्या विंझरमध्ये राज्य मंडळाची दहावी करणाऱ्या मुलीला रसायनशास्त्राचं वेगळं पुस्तक नसतं. बालभारतीच्या 2018 च्या विज्ञान पुस्तकात गुरुत्वाकर्षण संपलं, की लगेच मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण येतं.

धडा मोठा गमतीचा. न्यूलँड्स या रसायनशास्त्रज्ञानं मूलद्रव्यं अणुवस्तुमानाप्रमाणे मांडली, तर लिथियमपासून मोजताना आठवं आलं सोडियम, गुणांनी अगदी लिथियमच्या वळणावरचं. जसा 'नी'नंतर पुन्हा 'सा'! कॅल्शियमच्या पुढे मात्र हा सूर बिघडला. मेंडेलीव्हनं 1869 मध्ये तक्ता मांडला, तोही चक्क रिकाम्या जागा ठेवून. त्यातली एक 1875 मध्ये गॅलियमनं भरली.

आता सीबीएसईच्या शाळांत चालणारा राष्ट्रीय अभ्यासक्रम. अभ्यासाचा बोजा कमी करायचा म्हणून एनसीईआरटीनं हाच धडा दहावीतून काढला. 2023 मध्ये त्यावरून बराच वाद झाला. धडा अकरावीत आहे, हे उत्तरही मिळालं. पण अकरावीला विज्ञान सगळेच कुठे घेतात? पुण्यात सीबीएसईत शिकणारा तिचा मामेभाऊ कॉमर्सला गेला, तर आवर्तसारणीशी त्याची गाठ पडेलच असं नाही. विंझरची ताई कला शाखेला गेली, तरी तिनं ती शिकलेली असेल. माझ्या मते, इथे तीच फायद्यात.