डब्याआधी कागद जातो



मी उभा जन्म शाळेत खडू धरला. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आणि साठी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झालो. कॉम्प्युटरच्या वर्गात जाऊन बसलो. शेजारी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी होती. माझा हात थरथरताना पाहून ती म्हणाली, "आजोबा, घाबरू नका. यंत्र काही चावत नाही."

तुम्ही म्हणाल, गुरुजींना या वयात ही हौस कशाला? तेच आज सांगतो.

आपल्या भागात न्हावा आणि शेवा ही गावे आहेत. तिथे 26 मे 1989 रोजी मोठे बंदर सुरू झाले. आपण त्याला जेएनपीटी म्हणतो. या भागात पूर्वी भातशेती होती, मिठागरे होती, खाडीत मासळी होती. नवी मुंबई आणि हे बंदर यांसाठी जमिनी गेल्या. मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये आपली माणसे रस्त्यावर उतरली. दि. बा. पाटील त्यांचे पुढारी होते. गोळीबार झाला. पाच जण हुतात्मे झाले.

जमीन तर गेली. आता त्या जमिनीवर जो धंदा चालतो, त्यात आपली मुले कुठे आहेत? फाटकावर उभी राहणार, की कचेरीत खुर्चीवर बसणार?

बंदरात लोखंडी डबे येतात. त्यांना कंटेनर म्हणतात. कोणी वीस फूट लांब, कोणी चाळीस फूट. पण डबा एकटा जात नाही, बरे का! त्याच्याआधी कागद जातो. बीजकात माल कोणता, कोणाला विकला, किंमत किती, ते असते. पॅकिंग लिस्टमध्ये पेट्या किती, वजन किती, ते असते. शिपिंग बिल कस्टमकडे जाते, तेही कॉम्प्युटरवरून. माल जहाजावर चढला की जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. या सगळ्या कागदांवरचे आकडे जुळले पाहिजेत.

माझा भाचा अशाच कागदांच्या एका कचेरीत नोकरीला लागला. एकदा त्याने बीजकात 120 पेट्या लिहिल्या आणि पॅकिंग लिस्टमध्ये 102. दोनच आकड्यांची अदलाबदल. डबा अडकला. जागेचे भाडे चढू लागले. भाचा रात्री घरी आला तो रडतच. "मामा, माझी नोकरी जाते की काय!" नोकरी वाचली. पण मला त्या रात्री झोप आली नाही. वाटले, पोराला आपण पाढे शिकवले, पण ही नवी वही शिकवली नाही. कारण ती आपल्यालाच येत नव्हती. म्हणून मी वर्गात गेलो.

ही नवी वही म्हणजे काय? आडव्या ओळी आणि उभे रकाने. त्यांची झाली घरे. एका घरात एक आकडा. तिला स्प्रेडशीट म्हणतात. तिचा जन्म फळ्यापासून झाला! 1978 साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. त्याचे गुरुजी फळ्यावर हिशेब मांडत होते. एक आकडा चुकला, म्हणून पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागले. विद्यार्थ्याला वाटले, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत. त्याने आणि त्याच्या मित्राने तसा कार्यक्रम तयार केला. 1979 साली तो विक्रीला आला. आजचे एक्सेल त्याच वाटेने आले.

आपले उदाहरण घ्या. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तुमच्या 40 गोणी आहेत, प्रत्येकी 25 किलोच्या. एका घरात 40 लिहा, दुसऱ्यात 25. तिसऱ्या घरात बरोबरचे चिन्ह घालून 'पहिले घर गुणिले दुसरे घर' असे एकदा सांगा. उत्तर येते 1000 किलो. दोन गोणी खराब निघाल्या? 40 च्या जागी 38 लिहा. उत्तर आपोआप 950 होते. बीजकही त्याच घरांवरून करा, म्हणजे 120 चे 102 होणार नाही.

पण यंत्राला अक्कल नसते. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. जगात प्रत्येक मालाला आकडा आहे. ही पद्धत 1988 पासून चालू आहे. पहिले सहा आकडे ती मानणाऱ्या सगळ्या देशांत सारखेच. ताज्या कांद्याचा आकडा 070310. मी तो लिहिला, तर यंत्राने पुढचे शून्य खाऊन टाकले! राहिले 70310. म्हणून अशा घराला आधी सांगावे, 'हा हिशेबाचा आकडा नाही, ही अक्षरे समज.' मग शून्य जागेवर राहते.

दोन. तारीख. आपण 03/04 लिहिले तर ती 3 एप्रिल. अमेरिकेत तीच 4 मार्च होते. म्हणून महिना अक्षरांत लिहावा.

तीन. स्वल्पविराम. आपण लाख लिहितो 1,00,000. परदेशात अनेक ठिकाणी लिहितात 100,000. जर्मनीत तर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. तिथे 1,500 किलो म्हणजे दीड किलो! अशा पत्रात दीड हजार लिहायचे तर 1500 असे सरळ लिहावे.

हे सारे इंग्रजी शाळेत गेल्याशिवाय येत नाही, असे समजू नका. ज्याला अक्षरे, आकडे आणि गुणाकार येतो, त्याची अर्धी वाट झाली. उरलेली अर्धी सरावाची. एमएससीआयटीचे वर्ग राज्यात गावोगावी आहेत. लिब्रेऑफिस नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. मोबाइलवरही अशी वही उघडते.

आणि भगिनींनो, बचत गटाचा हिशेब आधी या वहीत मांडा. पापड किती लाटले, किती विकले, किती उरले. घरचा हिशेब जमला की बाहेरचा जमतो. आज दलाल म्हणतो, "कागदाचे आम्ही बघतो." माल आपला, घाम आपला, पण भाव त्याच्या कागदात. तो कागद वाचता आला की विचारता येते, "दादा, हा आकडा इथे कसा?"

तुम्ही नुकतेच सही करायला शिकलात. अंगठा पुसलात. ही लहान गोष्ट नाही. आता एक पाऊल पुढे टाका. घरातल्या मुलाला, सुनेला वर्गात धाडा. जमले तर तुम्हीही मागच्या बाकावर बसा. मी बसलो होतो. कोणी हसले नाही.

रामराम.