शर्करेची नक्कल आणि कळ उठण्याची वेळ

गोंदिया जिल्ह्यात, त्यातही देवरी तालुक्यातील चिचगडच्या परिसरात, सिकलसेल म्हणजे काय हे नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र या आजारासाठी शर्करेची नक्कल करणारे एक औषध घडवले गेले आणि त्याचे यशापयश रेणूच्या घडणीइतकेच घड्याळावरही अवलंबून राहिले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

धानाच्या बांधीला पाणी नेणारा पाट डोळ्यांपुढे आणला, तर या आजारातील वेदनेचे कारण उमगते. पाटाच्या काठाला खुंट असले की वाहत आलेली तणस आधी त्यांना अडकते, तणशीवर गाळ बसतो, पाणी तुंबते आणि खालची बांधी कोरडी पडते. रक्तवाहिनीच्या अस्तरावरील सिलेक्टिन नावाची प्रथिने म्हणजे हे खुंट होत. पांढऱ्या पेशींवर चार शर्करांची एक छोटी साखळी असते, तिला सायलिल लुईस-एक्स म्हणतात, आणि तिच्यामुळेच या पेशी तणशीसारख्या खुंटांना अडकतात. मग त्यांच्यावर विळ्याच्या आकाराच्या ताठर तांबड्या पेशी साचतात, पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो आणि हाडे ठणकू लागतात.

खुंटांवर दुसरेच काही आधी बसवले, तर तणस अडकणार नाही, हा विचार साधा असला तरी नैसर्गिक साखळीची पकड सैल असते आणि ती शरीरात टिकतही नाही. म्हणून तिच्यातील पकडीला आवश्यक तेवढा भाग राखून उरलेल्या शर्करांच्या जागी अधिक टिकाऊ वलये बसवलेला रेणू तयार झाला. अशा रेणूंना शर्करा-अनुकारी म्हणता येईल. रिव्हिपॅन्सेल नावाच्या अशाच रेणूमागे स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाचे बेआट एर्न्स्ट, अमेरिकेतील ग्लायकोमिमेटिक्स कंपनीचे जॉन मॅग्नानी आणि न्यूयॉर्कचे पॉल फ्रेनेट होते. २०१० साली त्यांनी सिकलसेलग्रस्त उंदरांतील तुंबलेला रक्तप्रवाह या रेणूने पुन्हा सुरू होतो, असे दाखवले. फायझर कंपनीने घेतलेल्या मोठ्या मानवी चाचणीत मात्र २०१९ साली मुख्य अपेक्षा पूर्ण झाली नाही आणि औषध बाजारात आले नाही. नंतरच्या विश्लेषणात असे आढळले की वेदना सुरू झाल्यापासून साधारण २६ तासांच्या आत ज्यांना औषध मिळाले, त्यांना लवकर उतार पडला. पाटात गाळ घट्ट बसल्यावर खुंट झाकून उपयोग तो काय?

शर्करा-अनुकारी रेणूंचे काम महाराष्ट्रालाही परके नाही. पुणे विद्यापीठात दिलीप ढवळे यांनी ग्लुकोजपासून असे रेणू घडवले, ज्यांच्या वलयात प्राणवायूऐवजी नायट्रोजन असतो, आणि त्याच विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ सुषमा सभरवाल यांच्यासह ते शर्करा तोडणाऱ्या विकरांना किती रोखतात, हे तपासले. मधुमेहाची व्होग्लिबोज गोळी जेवताना घेणाऱ्याच्या पोटात शर्करेची अशी एक नक्कल रोज जात असते, हे त्याला सहसा ठाऊक नसते!

मूळ मुद्दा पुन्हा सांगावा लागतो, कारण तोच निसटतो. रेणू बाझेलमध्ये घडेल, तपासणी पुण्यात होईल. परंतु कळ कधी उठली, हे घरच्या माणसांखेरीज कोणी सांगू शकत नाही, आणि ते न कळल्यास पुढचे कोणतेही औषध पुन्हा याच जागी अडखळेल. दुखणे अंगावर काढून दुसऱ्या सकाळच्या एसटीची वाट पाहण्याची सवय मोडली पाहिजे. त्याचबरोबर रुग्णालयानेही ही वेळ विचारली पाहिजे. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यातून वाहक आणि रुग्ण समजतील, कळ उठल्याची वेळ समजणार नाही.

सिकलसेलवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाविषयी एवढेच, की डॉक्टरांनी दिलेले ते औषध नव्या औषधाच्या आशेवर परस्पर बंद करू नये. आणि केसपेपरवर ‘काल रात्रीपासून’ एवढ्यावर न भागवता रात्री दहाला की पहाटे तीनला, तो आकडा लिहून घ्यावा.