वाल्यासमोर बसताना



वाल्याची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. कथा ऐकताना आपले लक्ष वाल्याच्या परिवर्तनाकडे जाते. नारदमुनींच्या मनाकडे सहसा जात नाही. वास्तविक वाटमारीचा प्रसंग त्यांच्यावरच ओढवला होता. तरीही त्यांनी शाप दिला नाही, आणि ‘तुझा काही दोष नाही’ असेही म्हटले नाही. ‘तुझ्या पापात कुटुंबीय वाटेकरी होतील का?’ एवढेच विचारले. गुन्हेगारांचे उपचारगट चालवणाऱ्यास नेमका हाच तोल साधावा लागतो.

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायर परगण्यात १९६२ साली ग्रेंडन कारागृह सुरू झाले. गंभीर गुन्ह्यांसाठी दीर्घ शिक्षा भोगणारे कैदी तेथे स्वेच्छेने येतात. लहान गटांत वर्तुळ करून बसतात आणि आपल्या कृत्याविषयी बोलतात. प्रश्न विचारण्यात सहबंदीच पुढे असतात. एकमेकांच्या सबबी त्यांना अचूक ओळखता येतात. उपचारतज्ज्ञांच्या जोडीने तुरुंग अधिकारीही गटात बसतात.

एखादा कैदी आपण एका बालकावर केलेला अत्याचार सांगू लागतो, तेव्हा गटप्रमुखाच्या अंतःकरणात काय घडत असेल? तोही कुणाचा तरी पिता असतो. त्याला किळस येते, संताप येतो. हे स्वाभाविक आहे; धोका आहे तो ते नाकारण्यात. दडपलेला तिटकारा वेषांतर करून परत येतो. कधी त्या एकाच कैद्याला टोचून बोलण्यातून, कधी त्याची पाळी सतत पुढे ढकलण्यातून, तर कधी अतिरेकी सहानुभूतीतूनही! आपण कठोर नाही हे स्वतःला पटवण्यासाठी गटप्रमुख आवश्यक प्रश्नच टाळतो.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९४७ मध्येच हे सत्य निर्भीडपणे मांडले. युद्धकाळात, सतत पळून जाणारा नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांनी तीन महिने स्वगृही सांभाळला होता. मुलाने थैमान घातले की ते त्याला दाराबाहेर ठेवत. पण मारत नसत. ‘तुझ्या वागण्याने तुझा द्वेष वाटतो’, हे मात्र स्पष्ट सांगत. उपचार करणाऱ्याने आपल्या मनातील द्वेष ओळखलाच पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन होते.

ग्रेंडनमध्ये गटाची बैठक संपल्यावर कर्मचारी स्वतंत्रपणे एकत्र बसतात. तेथे ‘आज त्याच्याकडे पाहवले नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नसतो. सहकाऱ्यांपुढे उच्चारलेला तिटकारा पुढच्या बैठकीत निर्णय घेऊ लागत नाही.

‘अशा नराधमांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न पीडितांचे आप्त विचारतील, आणि तो अन्याय्य नाही. उपचार म्हणजे क्षमा नव्हे. शिक्षेला पर्यायही नव्हे. परंतु बहुतेक कैदी एक ना एक दिवस बाहेर येतात. गटप्रमुखाच्या पूर्वग्रहामुळे जो प्रश्न विचारायचा राहिला, त्याचे मोल उद्या एखादे निरपराध कुटुंब चुकवील.

आपल्याकडे १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या जागी येण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये जो आदर्श अधिनियम तयार केला, त्याच्या नावातच ‘सुधारसेवा’ हा शब्द आहे. ही सेवा करण्यास पुढे येणाऱ्यांनी वाल्यासमोर बसण्यापूर्वी क्षणभर स्वतःसमोर बसावे. मन शुद्ध असण्याची अट नाही. ते ठाऊक असण्याची आहे.