शांत जलतीर आणि विकासाची चाहूल

(पंचायत सदस्य, शिक्षक व तालुका स्तरावरील अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. परंतु पाण्याचे काठ मात्र विपुल आहेत. कुकडी प्रकल्पाची येडगाव, वडज, माणिकडोह आणि पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नर तालुक्यात आहेत, तर डिंभे धरण आंबेगाव तालुक्यात आहे. आठवडाभराच्या धकाधकीतून सुटलेले पुण्या-मुंबईचे कुटुंब मुलाबाळांसह या काठांवर येते. कोणी माळशेज घाटाकडे जाते, कोणी नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख पाहते, कोणी आहुप्याच्या कड्यावर उभे राहते. येणाऱ्याला हवी असते ती शांतता. परंतु येणाऱ्यांची संख्या वाढली की तीच शांतता प्रथम नाहीशी होते. पर्यटन-विकासातील खरी अडचण येथेच आहे.

राज्य शासनाने २०१८ साली जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित केला. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत शिवनेरी आहे. ही अभिमानाची गोष्ट होय. तेव्हा प्रवासी येणार, रस्ते रुंद होणार, काठावरच्या जमिनींना भाव येणार, हे गृहीत धरूनच आपण विचार केला पाहिजे. पर्यटक येऊ नयेत असे म्हणणे योग्य नव्हे आणि शक्यही नाही. प्रश्न असा की, त्यांच्या येण्याचा लाभ कोणाला व्हावा आणि भार कोणी वाहावा?

बाहेरून येणाऱ्यास धरणाचा काठ मोकळा दिसतो. वस्तुतः तो मोकळा नाही. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव डिंभे जलाशयाखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर विस्थापित कुटुंबे पीक घेतात. जलाशयात मासेमारी करून कित्येकांचा प्रपंच चालतो. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने येथील महादेव कोळी व कातकरी बांधवांनी मासेमारीची सहकारी व्यवस्था उभी केली, पडकईच्या पद्धतीने डोंगरउतारावर भातखाचरे बांधली. या कार्यास २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्यांनी धरणासाठी एकदा गाव सोडले, त्यांना पर्यटनासाठी दुसऱ्यांदा काठ सोडावा लागू नये, एवढी दक्षता घेणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

दुसरा विचार सुरक्षिततेचा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात सहलीस आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. ओढ्याला पाणी केव्हा चढते, निसरडा खडक कोणता, हे स्थानिक माणसास ठाऊक असते, पाहुण्यास नसते. आपल्याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत दरड कोसळून माळीण गाव गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. हे स्मरण असेल, तर विश्रामगृहासाठी डोंगरउतार खोदण्यापूर्वी पाण्याच्या नैसर्गिक वाटा तपासल्याच पाहिजेत.

समुद्रकाठासाठी १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. धरणकाठास त्या नियमांचा आधार नाही. मात्र या तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांची वाट मोकळी केली आहे. अधिकार कागदावर असणे आणि ते वापरणे यांत अंतर असते. ते अंतर ग्रामसभेनेच कमी करावयाचे आहे.

त्यासाठी तीन कामे तातडीने व्हावीत. पहिले, गाळपेर जमिनी, होड्या लावण्याच्या जागा, पाणवठे, गायराने आणि देवराया यांची नोंद प्रत्येक पंचायतीने ग्रामसभेपुढे वाचून कायम करावी. प्रस्ताव आल्यावर नोंद करू लागलो, तर फार उशीर झालेला असेल. दुसरे, पर्यटनविषयक प्रस्तावाची मराठी प्रत अधिकाऱ्यांनी निर्णयापूर्वी ग्रामसभेस द्यावी; निर्णयानंतरची माहिती ही केवळ सूचना ठरते, सल्लामसलत ठरत नाही. तिसरे, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावाचा नकाशा तयार करून घ्यावा. वडीलधाऱ्यांस विचारून काढलेला असा नकाशा ग्रामसभेत फार उपयोगी पडेल.

कोकणात तारकर्लीसारख्या ठिकाणी अनेक कुटुंबे स्वतःच्या घरी पाहुणे ठेवतात. आपल्याकडेही तसे घडू शकेल. पाहुण्यास तांदळाची भाकरी गावच्या घरातच मिळावी, वाट गावच्या तरुणाने दाखवावी, वाहनतळाच्या शुल्कातून कचऱ्याची व्यवस्था व्हावी. किती वाहने सामावतील हेही आधी ठरवावे, आणि ती मर्यादा सर्वांनी पाळावी.

शहरातील मुलाला येथे स्वच्छ पाणी पाहावयास मिळावे आणि गावातील मुलाला त्याच पाण्यावर जगता यावे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या, तरच त्यास विकास म्हणता येईल. तो साधण्याची जबाबदारी येथे बसलेल्या प्रत्येकावर आहे.