मांजराच्या मिशा कशासाठी?



मांजराच्या अगदी नाकापुढे माशाचा तुकडा ठेवून बघा. समोर असूनही ते हुंगत, चाचपडत शोधतं. अंगणापलीकडची हालचाल अचूक टिपणाऱ्या या प्राण्याला साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं मात्र धूसर दिसतं. तिथे मिशा कामाला येतात.

ओठांच्या दोन्ही बाजूंना साधारण बारा-बारा मिशा असतात. शिवाय डोळ्यांच्या वर, हनुवटीवर आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही! मिशीच्या केसाला स्वतःला काही जाणवत नाही. सगळी करामत मुळाशी. हे मूळ अंगावरच्या केसांपेक्षा कितीतरी खोल असतं, रक्ताने भरलेल्या इवल्याशा पिशवीत बसलेलं, मज्जातंतूंनी वेढलेलं. टोक झुळकीने जरासं हललं तरी मेंदूला वर्दी जाते. उंदीर तोंडाशी आला की मिशा पुढे वळून त्याला जणू कवेत घेतात, आणि दात नेमके कुठे रोवायचे ते अंधारातही कळतं. अरुंद फटीत शिरतानाही त्यांचाच आधार. मांजर घाबरलं, की त्याच मिशा मागे गालाला चिकटतात.

म्हणून कळकळीची विनंती, गंमत म्हणूनसुद्धा मिशा कापू नका, मुलांनाही कापू देऊ नका. कापताना दुखत नाही, पण मांजर बावरतं, अंदाज चुकतो, धडपडतं. एखादी मिशी आपोआप गळून फरशीवर दिसली, तर घाबरायचं कारण नाही. तिच्या जागी नवी येते.