साळिंदर दिसेल तेथे मारावे काय?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीपुढे चंदगड आणि आजरा या तालुक्यांतून आलेला एक ठराव आहे. साळिंदरामुळे रताळी, भुईमूग आणि नारळाची रोपे हातची जातात, सबब शेतकऱ्याला व शिकाऱ्याला साळिंदर दिसेल तेथे मारण्याची मुभा सरकारने द्यावी, असा तो ठराव. मांडणाऱ्यांचा राग आम्हाला ठाऊक आहे. तरीही आम्ही या ठरावाच्या अर्ध्या भागाच्या बाजूने आणि अर्ध्या भागाच्या विरुद्ध बोलणार आहोत.

मागे कोणीतरी कुजबुजले, "पदवीवाल्यांना जनावरांचा पुळका आला." पुळका आलेला नाही. आमच्या घरी वीस गुंठे रताळी असत. आमच्या चुलत्यांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. आम्ही शाळेत असताना त्यांनी एका हंगामात दोन साळिंदरे मारली. तेव्हा वन्यजीव कायद्याचे नाव आमच्या वाडीत कोणी ऐकले नव्हते. मटण झाले, काटे आम्ही पोरांनी वाटून घेतले, त्यांचे टाक केले. पुढच्या साली रताळी भरायला लागली आणि तिसऱ्या रात्री ओढ्याकडच्या त्याच कोपऱ्यात तसेच खड्डे. बीळ रिकामे पडले होते, खाणे जागेवर होते, दुसरी जोडी राहायला आली. चुलते सहा रात्री माळ्यावर बसले. सातव्या रात्री झोप लागली आणि त्याच रात्री ते आले.

कृषी महाविद्यालयात गेल्यावर वाटले, येथे तरी उपाय सापडेल. आमच्या पुस्तकात उंदरावर अख्खे प्रकरण होते, साळिंदरावर दोन ओळी. हे साहजिक आहे. उंदीर मारण्यासाठी औषध विकता येते. साळिंदरावर विकायला कंपन्यांकडे काही नाही.

म्हणून आधी जनावर नीट ओळखू या. आपण ज्याला साळिंदर किंवा सायाळ म्हणतो तो उंदराच्याच वर्गातला, दहा ते अठरा किलो भरणारा प्राणी आहे. दिवसा बिळात, रात्री बाहेर. नर-मादी जोडीने राहतात, पिल्ले बहुधा दोन ते चार. काटे म्हणजे जाड झालेले केसच. ते फेकून मारता येत नाहीत, ही आजीच्या गोष्टीतली बाब आहे. साळिंदर करते ते इतकेच की शेपटी खुळखुळवते आणि पाठमोरे होऊन अंगावर येते. ज्यांच्या कुत्र्याच्या जबड्यातून पकडीने काटे उपटावे लागले आहेत त्यांना हे सांगायला नको. जिम कॉर्बेटने मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीची हकीकत लिहून ठेवली आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या पायात पन्नासच्या आसपास काटे रुतले. शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली.

आता मुद्द्याची गोष्ट. मारायचे कोणाला? आमच्याकडे दरवर्षी "साळिंदराने शेत खाल्ले" असे सांगत माणसे येतात. आम्ही शेतावर जातो. सरीच्या सरी नाकाडाने नांगरल्यासारखी उलटलेली, वेल चिखलात तुडवलेले: हे रानडुक्कर. बांधाच्या कडेला मातीचा ढीग, आत बोगदा, भुईमुगाच्या शेंगा ओढून नेलेल्या: ही घूस. साळिंदराचे काम वेगळे दिसते. ते एकेका वेलापाशी सुटा खड्डा काढते, रताळे कुरतडून अर्धे ठेवते, त्यावर समोरच्या दातांच्या रुंद खुणा असतात. नारळाचे रोप ते बुडाशी पोखरते, आतला कोवळा गाभा खाते. फळझाडाची साल बुंध्याला वळसा घालून सोलते. सालीचे कडे पूर्ण झाले की ते झाड संपले, वर पाने हिरवी दिसत असली तरी. जवळपास एखादा गळलेला काटा मिळतोच. चंदगडकडच्या एका मावशींनी आम्हाला हा फरक एका वाक्यात सांगितला: "डुक्कर दारुड्यावानी येतंय, एका रातीत समदं उधळून जातंय. साळिंदर सावकारावानी येतंय, रोज थोडं थोडं नेतंय." आम्ही चार वर्षे शिकून एवढे नेमके सांगू शकलो नसतो.

या दोघांचा बंदोबस्त वेगळा, म्हणून ओळख आधी. डुकराचा राग साळिंदरावर काढून डुक्कर जात नाही.

आता "दिसेल तेथे" या दोन शब्दांकडे या. साळिंदर कोठे दिसते? रात्री घाटातल्या रस्त्यावर जीपच्या दिव्यात दिसते. डोंगरात बिळाशी कुत्री लावून, धूर घालून बाहेर काढले की दिसते. तुमच्या रताळ्यांत, तुम्ही दिवसभर राबून झोपलेले असताना, अंधारात खाणारे साळिंदर मात्र तुम्हाला दिसत नाही. म्हणजे या मुभेने मरणार आहे ते रानातले जनावर. पिकातले जनावर आहे तेथेच राहणार. ही मुभा शेतकऱ्याच्या नावाने मागितली जाईल आणि वापरतील ते मटणासाठी येणारे. सर्चलाइट लावून जीप घेऊन येणारे पाहुणे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते उभ्या भातातून चालतात, बांध मोडतात, गडी म्हणून आपलीच पोरे वाट दाखवायला नेतात. पकडले गेले तर पाहुणे शहरात आणि पोरगे कोठडीत.

अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे. तेथले साळिंदर वेगळ्या जातीचे, झाडावर चढणारे. ते लाकडाच्या झाडांची साल खाते म्हणून ईशान्येकडच्या राज्यांनी मारलेल्या साळिंदरामागे रोख बक्षीस ठेवले आणि अनेक वर्षे पैसे वाटले. तक्रार चालूच राहिली. शेवटी व्हर्मॉन्ट राज्याने १९५० आणि १९६० च्या दशकांत शेजारच्या मेन राज्यातून फिशर नावाचा मुंगसाहून मोठा शिकारी प्राणी आणून जंगलात सोडला. तो साळिंदराला तोंडाकडून चावे घेऊन मारतो. पूर्वी कातड्यासाठी हाच फिशर तेथल्या लोकांनी जवळजवळ संपवला होता. एका हाताने राखणदार मारायचा आणि दुसऱ्या हाताने चोर मारायला बक्षीस द्यायचे, हा धंदा सरकारला परवडतो. आपल्याला परवडणार नाही.

आणखी एक. साळिंदर जमीन उकरते तेव्हा सगळे वाईटच करते असेही नाही. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात याच जातीच्या साळिंदरावर संशोधन झाले. त्याने कंदांसाठी काढलेल्या खड्ड्यांत वाहते पाणी आणि बी साठते, तेथे भोवतालच्या जमिनीपेक्षा जास्त झाडोरा उगवतो असे आढळले. पण हे डोंगरातले झाले. आमच्या रताळ्यांतल्या खड्ड्यात झाडोरा उगवून आम्हाला काय करायचे आहे?

आता ठरावाची जी बाजू आम्हाला मान्य आहे तिच्याविषयी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही बंद झाले. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने कावळा, उंदीर, वटवाघूळ यांची 'उपद्रवी' म्हणून असलेली यादीसुद्धा काढून टाकली. आज वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय साळिंदराला हात लावणे हा गुन्हा आहे. हाच कायदा सांगतो की शिकार झालेले किंवा मेलेले सापडलेले जनावर सरकारच्या मालकीचे. मेलेले साळिंदर सरकारचे, हे ठीक. मग जिवंतपणी आमची रताळी खाणारे कोणाचे? तेव्हा मालक पुढे येत नाही. चार-दोन गुंठे रोज थोडे थोडे खाल्ल्याचा पंचनामा करायला कोण येणार, आणि आला तरी ते साळिंदर होते हे कोणत्या साक्षीदाराने सिद्ध करायचे? ज्या समाजाला जंगल आणि जनावर हवे आहे त्याने त्याचा खर्च उचलावा. तो खर्च डोंगराच्या कडेला दोन एकर कसणाऱ्याने एकट्याने का उचलावा? ठरावातले हे गाऱ्हाणे खरे आहे आणि ते आणखी कडक शब्दांत लिहावे असे आमचे मत आहे.

मुभा मिळेपर्यंत काय करायचे? येथे आम्ही पदवीचा थोडा उपयोग करू. शेताभोवती उघडी तार टाकून घरची वीज सोडणे बंद करा. तिच्यावर साळिंदर मरते, तसा पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूसही मरतो, आणि जगलेल्या भावावर गुन्हा दाखल होतो. विषारी आमिषाने आधी घरचे कुत्रे जाते. साळिंदराला उंच उडी येत नाही, चढता येत नाही. ते खालून उकरते आणि लाकूड कुरतडते. म्हणून लोखंडी जाळी अडीच-तीन फूट पुरे, पण तळाची फूटभर मातीत गाडलेली आणि बाहेरच्या अंगाला वळवलेली हवी. डुकरासाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेल्या सौर तारेखालून साळिंदर निघून जाते. त्याच्यासाठी सर्वांत खालची तार वीतभर उंचीवर, नाकाला लागेल अशी पाहिजे, आणि तिच्याखालचे गवत सतत कापलेले. नारळाच्या रोपाला जुन्या पत्र्याचे कडे करून बुडाशी खोल बसवा.

जाळी महाग आहे. येथे हिशेब करा. वीस गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्याला भोवती सुमारे १८० मीटर जाळी लागते. चार शेजाऱ्यांनी आपापले वीस गुंठे वेगवेगळे घेरले तर ७२० मीटर. तेच चार तुकडे एकत्र लागून असतील आणि एकच कुंपण घातले तर सुमारे ३६० मीटर. निम्मा खर्च. अडचण पैशांची जेवढी, तेवढीच बांधाच्या भांडणाची आहे, हे आम्ही आमच्याच भावकीवरून सांगतो. आमचे सामायिक कुंपण व्हायला दोन वर्षे लागली, त्यातले दीड वर्ष फाटक कोणाच्या बाजूला ठेवायचे यात गेले. आणि रताळ्याला खर्च भरून निघेल असा भाव मिळत असता तर जाळीसाठी आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहिलेच नसते.

कुंपण घालूनही एखादे जनावर आत येत राहिले, तर पुराव्यासह अर्ज करावा आणि ठरलेल्या मुदतीत वनखात्याने ते पकडून न्यावे किंवा मारण्याची लेखी परवानगी त्या शेतकऱ्याला त्याच्या शेतापुरती द्यावी. मुदत टळली तर नुकसान खात्याच्या खर्चात. असे लिहून मागू या.

तेव्हा आमची दुरुस्ती अशी: ठरावातून "व शिकाऱ्याला" आणि "दिसेल तेथे" हे शब्द काढावेत. त्या जागी "आपल्या पिकात नुकसान करणारे" हे शब्द घालावेत. नुकसानभरपाईत साळिंदराच्या नुकसानीचा स्पष्ट उल्लेख असावा आणि सामायिक कुंपणाला अनुदान गटाच्या नावाने मिळावे, ही दोन कलमे जोडावीत. चंदगडचे कार्यकर्ते विरोधात बोलणार आहेत असे कळले आहे. त्यांनी आता बोलावे. येताना त्यांनी कुरतडलेली रताळी पिशवीतून आणली आहेत, ती आधी सर्वांना दाखवावीत.